पहिल्यांदाच ऑलिंपिक किंवा वर्ल्ड कप बघायला निघालात? आधी फायनलचा नाद सोडा

२०१९ च्या क्रिकेट वर्ल्ड कपची फायनल १४ जुलैला लॉर्ड्सवर झाली. त्या सामन्याची बरीच तिकिटं भारतीय चाहत्यांनी कितीतरी आधी घेऊन ठेवली होती, आपला संघ फायनलला असणारच या भरवशावर. भारत मँचेस्टरला उपांत्य सामन्यातच हरला. मग न्यूझीलंडच्या जिमी नीशमने सोशल मीडियावर जाहीर विनवणी केली, की आता यायचं नसेल तर तिकिटं अधिकृत रीसेलवर (आयोजकांच्याच फेरविक्रीच्या पानावर) टाका, बक्कळ नफ्याचा मोह आवरा, खऱ्या क्रिकेटवेड्यांना येऊ द्या. ज्यांनी हिरमुसून तिकिटं विकून टाकली, त्यांच्या हातून सुपर ओव्हरपर्यंत गेलेली फायनल निसटली.

पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण असंच करतात. एका संघावर, एका खेळाडूवर नाहीतर एकाच सामन्यावर सगळी सहल टांगून ठेवतात. फायनलचं तिकीट सगळ्यात महाग, मिळायला सगळ्यात कठीण, आणि त्यात कोण खेळणार हे घेताना माहीत नसतं. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: पहिली खेप सुरुवातीच्या फेऱ्यांसाठी करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशोबाने सांगतो.

१. कुठला दिवस बघायचा ते ठरवा

ऑलिंपिकचं तिकीट खेळाडूचं नसतं, एका सत्राचं असतं. ॲथलेटिक्समध्ये सहसा सकाळी पात्रता फेऱ्या आणि संध्याकाळी पदकांच्या लढती असतात. पॅरिसला ६ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी नीरज चोप्रा भालाफेकीच्या पात्रता फेरीत उतरला. थेट पात्रतेसाठी ८४ मीटर हवे होते. याने पहिलीच फेक ८९.३४ मीटरवर टाकली आणि काम संपवून निघून गेला. केवळ त्याच्यासाठी आलेल्यांना एक फेक बघायला मिळाली. दोन दिवसांनी संध्याकाळी अंतिम फेरी झाली, त्यात पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटरचा ऑलिंपिक विक्रम केला आणि नीरजने ८९.४५ मीटरवर रौप्य मिळवलं.

मग सकाळचं तिकीट वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. सकाळच्या सत्राला ट्रॅकवर एकामागून एक शर्यती चाललेल्या असतात, एका कोपऱ्यात उंच उडी, दुसरीकडे फेक. संध्याकाळच्या मानाने तिकीट स्वस्त, आणि बघायला खेळाडू जास्त. फक्त जाताना ‘आज ॲथलेटिक्स बघायचंय’ असं मनाशी म्हणून जा, ‘आज अमुक बघायचाय’ असं म्हणून नको.

फुटबॉलमध्ये तर साखळी फेरीसारखी मजा नाही. २०२६ च्या वर्ल्ड कपसाठी ४८ संघ आणि १०४ सामने ठरले, त्यातले ७२ साखळीचे. म्हणजे तिकिटांचा मोठा हिस्सा तिथेच. शिवाय त्या टप्प्यावर कुणीच घरी गेलेलं नसतं. दोन्हीकडचे चाहते गाणी म्हणत असतात आणि छोट्या देशांचे लोक तर आयुष्यातला सण असल्यासारखे येतात. बाद फेरीत चेहरे गंभीर होतात.

टेनिस आवडत असेल तर ग्रँड स्लॅमचा पहिला आठवडा गाठा. विंबल्डनला १८ कोर्ट आहेत आणि पहिल्या आठवड्यात ती दिवसभर गजबजलेली असतात. बाहेरच्या कोर्टांवर जागतिक क्रमवारीतला खेळाडू तुमच्यापासून काही पावलांवर सर्व्हिस करत असतो. सेंटर कोर्टच्या वरच्या रांगेतून तो बोटाएवढा दिसतो. विंबल्डनची आणखी एक खासियत म्हणजे तिथली रांग. सेंटर कोर्ट, एक नंबर आणि दोन नंबर कोर्टाची रोज प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं त्या-त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्यांसाठी राखून ठेवतात (सेंटर कोर्टची शेवटचे चार दिवस सोडून). रांगेत आलात की नंबराचं कार्ड मिळतं, माणशी एकच तिकीट, आणि कार्ड दुसऱ्याला देता येत नाही. लोक आदल्या रात्री तंबू ठोकून झोपतात. ज्याला आधीच्या सोडतीत नशिबाने हात दिला नाही, त्याच्यासाठी जागतिक खेळांमध्ये इतकी सरळ वाट क्वचितच उरली आहे.

पॅरालिंपिकचाही जरूर विचार करा. तेच शहर, बरीचशी तीच मैदानं, गर्दी कमी, दर कमी. पॅरिसमध्ये तिकिटं १५ युरोपासून होती. पहिल्या अनुभवासाठी याहून चांगला सौदा मला माहीत नाही.

काही गोष्टी तर फुकट असतात. ऑलिंपिकची मॅरेथॉन आणि रस्त्यावरची सायकल शर्यत बहुतेक मार्गावर तिकिटाशिवाय बघता येते. टूर द फ्रान्स तर तीन आठवडे रस्त्यावरच चालते. तिथे जाणार असाल तर सपाट रस्त्यावर उभे राहू नका. सगळा घोळका डोळ्यांसमोरून सर्रकन निघून जातो आणि एवढा वेळ कशासाठी थांबलो असं होतं. डोंगराच्या चढावर जा. तिथे सायकलस्वारांचा वेग मंदावतो, एकेक जण सुटा होतो, चेहरे वाचता येतात. घाटरस्ते बरेच आधी बंद होतात, म्हणून सकाळीच पोहोचून बसावं लागतं.

२. नाव एका शहराचं, मैदानं भलतीकडेच

तिकिटांच्या मागे लागण्याआधी नकाशा उघडा. पॅरिस ऑलिंपिकची नेमबाजी शातोरूला होती, पॅरिसपासून अडीचशे किलोमीटरहून दूर. शिडाच्या होड्या मार्सेयला. सर्फिंग तर ताहितीला, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पंधरा हजार किलोमीटरवर. लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक १४ ते ३० जुलै २०२८ या काळात आहे. त्यातलं सॉफ्टबॉल आणि कनू स्लॅलम (खळाळत्या पाण्यातली होडीची शर्यत) ओक्लाहोमा सिटीत ठेवलंय, म्हणजे विमानानेच जायचं. क्रिकेट पोमोनाला, शहराच्या मध्यभागापासून साधारण पन्नास किलोमीटर पूर्वेला. २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या नावातच मिलान आणि कोर्तिना ही दोन ठिकाणं होती, आणि त्यांच्यामध्ये साधारण चारशे किलोमीटरचा रस्ता.

एका दिवसात दोन सत्रं बघायचा मोह होतो. एकाच संकुलात असतील तर खुशाल बघा. वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर पहिलं संपायची छापील वेळ आणि दुसरं सुरू व्हायची वेळ यांत चार तास तरी ठेवा. टेनिस आणि व्हॉलीबॉलला तर संपायची वेळ नसतेच, असतो तो अंदाज.

३. तिकीट

इथे सगळ्यात जास्त गोंधळ उडतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पूर्वी ऑलिंपिकची तिकिटं प्रत्येक देशातल्या नेमलेल्या विक्रेत्याकडून घ्यावी लागत. पॅरिस २०२४ पासून सगळ्या जगासाठी एकच अधिकृत संकेतस्थळ झालं. शोधयंत्रात स्पर्धेचं नाव आणि ‘तिकीट’ टाकलंत की वरती जाहिरातीत जे येतं ते बऱ्याचदा दलालाचं दुकान असतं, दिसायला अगदी अधिकृत. तेव्हा स्पर्धेच्या मुख्य संकेतस्थळावर जा आणि तिथल्याच दुव्यावरून तिकिटांच्या पानावर पोहोचा.

खातं आधीच उघडून ठेवा आणि त्यात नाव पासपोर्टवर आहे तस्संच लिहा. घरातल्या चौघांना जायचं असेल तर नियम बघून प्रत्येकाचं वेगळं खातं काढा, सोडतीत संधी तेवढी वाढते. एकाच माणसाची दोन खाती मात्र नकोत. आयोजक अशी खाती रद्द करतात.

आता सोडत. ती दोन प्रकारची असते, आणि नवखा माणूस हा फरक न बघताच अर्ज भरतो. पहिल्या प्रकारात नाव लागलं म्हणजे फक्त खरेदीची वेळ मिळाली. पॅरिसला पहिल्या टप्प्यात असंच होतं. निवड झालेल्याला ४८ तासांची खिडकी मिळायची, त्यात जे शिल्लक असेल ते घ्यायचं, आणि तेही किमान तीन सत्रांचा संच म्हणून. ज्यांना उशिराची खिडकी मिळाली त्यांच्यासमोर उरलं-सुरलं होतं. दुसऱ्या प्रकारात तुम्ही आधीच सामना, दर्जा आणि तिकिटांची संख्या लिहून देता; नाव लागलं की पैसे कार्डातून आपोआप वळते होतात. फिफाची २०२६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपची मोठी सोडत या प्रकारची होती. तिथे पहिल्या दिवशी अर्ज केला काय नि शेवटच्या दिवशी केला काय, फरक पडत नाही. म्हणून पहाटे उठून पान उघडण्यापेक्षा दोन दिवस विचार करून अर्ज भरा. मात्र मागितलेलं सगळंच मिळालं तर तेवढे पैसे भरायची तयारी हवी आणि कार्डाची मर्यादा तेवढी हवी. ‘लागणार थोडंच आहे सगळं’ म्हणून दहा सामने निवडून ठेवू नका.

कार्डावरून आठवलं, पॅरिसला ऑनलाइन तिकिटांसाठी व्हिसा कंपनीचंच कार्ड चालत होतं, कारण ती ऑलिंपिकची जुनी प्रायोजक आहे. तुमच्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का, तेही आधी बँकेकडे बघून घ्या. ऐन खरेदीच्या वेळी बँकेचा ओटीपी न येणं ही जगभरच्या चाहत्यांची सामाईक व्यथा आहे.

किमतीचं म्हणाल तर तळाचा आकडा फार मनावर घेऊ नका. पॅरिसने २४ युरोपासून आणि लॉस एंजेलिसने २८ डॉलरपासून तिकिटं जाहीर केली, आणि दोन्हीकडे अशी दहा लाख तिकिटं असल्याचं सांगितलं. पण ती बहुधा सुरुवातीच्या फेऱ्यांची असतात आणि आधी उडतात. फिफाने २०२६ ला मागणीनुसार बदलणारे दर आणले. एकाच सामन्याचं एकाच दर्जाचं तिकीट दोन टप्प्यांत दोन भावांना. म्हणून भाव बघायच्या आधीच स्वतःची वरची मर्यादा कागदावर लिहा. पान उघडं असतं, घड्याळ उलटं चाललेलं असतं, आणि त्या दहा मिनिटांत माणूस काहीही खरेदी करतो.

सोडतीत नाव लागलं नाही तर दुकान बंद करू नका. आयोजकांना शेवटच्या काही आठवड्यांत बरीच तिकिटं परत मिळतात. प्रायोजकांच्या आणि क्रीडा संघटनांच्या वाट्याची न उचललेली, आणि कॅमेऱ्यांच्या जागा पक्क्या झाल्यावर मोकळ्या झालेल्या खुर्च्यांची. शिवाय अधिकृत रीसेल सुरू होतं. पॅरिसला रीसेल मूळ किमतीलाच होतं. फिफाच्या २०२६ च्या रीसेल बाजारात मात्र विकणारा आणि घेणारा दोघांकडून प्रत्येकी १५ टक्के शुल्क कापलं जात होतं. म्हणजे ‘अधिकृत’ असलं तरी ते स्वस्त असेलच असं नाही. मी म्हणेन, स्पर्धेच्या आधीच्या पंधरवड्यात रोज दोनदा पान उघडून बघा, त्यातही रात्री उशिरा. एकेकटी तिकिटं सगळ्यात जास्त सापडतात, तेव्हा शेजारी-शेजारी बसायचा हट्ट सोडलात तर बरंच काही हाती लागतं.

रस्त्यावरचा काळाबाजार आणि अनोळखी माणसाने पाठवलेला स्क्रीनशॉट या दोन गोष्टींना हात लावू नका. मोठ्या स्पर्धांची तिकिटं आता ॲपमध्ये असतात. क्यूआर कोड सामन्याच्या थोडा वेळ आधी उमटतो किंवा सतत बदलत राहतो. २०२४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत तर तिकीट मैदानाजवळ पोहोचल्यावर ब्लूटूथने जागं होत होतं. चित्र विकत घेऊन आत जाता येत नाही.

४. व्हिसा आणि तारखांचा क्रम

सामन्याचं तिकीट हा देशात शिरायचा परवाना नसतो. याला अपवाद होऊन गेलेत: रशियाने २०१८ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला फॅन आयडी आणि कतारने २०२२ ला हय्या कार्ड या प्रेक्षक-ओळखपत्रांवर लोकांना प्रवेश दिला. पण ते त्या वेळचे खास नियम होते. २०२६ ला अमेरिकेसाठी तिकीटधारकांना फिफामार्फत मुलाखतीची वेळ लवकर मिळायची सोय झाली, व्हिसा मिळायची हमी मात्र नव्हती. आणि सामने तीन देशांत असतील तर तीन देशांचे नियम वेगवेगळे लागतात. एका देशातून दुसऱ्यात जाऊन पुन्हा पहिल्यात यायचं असेल तर व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा हवा. हे लोक सीमेवर गेल्यावर वाचतात.

युरोपातल्या शेंगेन देशांसाठी (जिथे एकच सामाईक व्हिसा चालतो) व्हिसा लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. सोबत किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो. स्पर्धेच्या उन्हाळ्यात मुलाखतीच्या वेळा भरून जातात, म्हणून सहा महिन्यांच्या खिडकीच्या सुरुवातीलाच अर्ज टाका.

क्रम असा ठेवा. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतरही सहा महिने उरते का ते बघा, नसेल तर तो आधी नवा करा. स्पर्धेच्या तारखा जाहीर झाल्या की रद्द करता येईल असा मुकाम नोंदवा. मग तिकिटांची सोडत, मग व्हिसा, आणि विमानाचं पक्कं, पैसे परत न मिळणारं तिकीट सगळ्यात शेवटी. उलटं करणारे खूप असतात, कारण विमानाचे भाव वाढताना दिसतात आणि धीर सुटतो. वेळापत्रकही दगडावरची रेघ नसते. २०२३ च्या क्रिकेट वर्ल्ड कपचं वेळापत्रक जूनच्या शेवटी आलं, आणि ऑगस्टमध्ये नऊ सामने इकडचे तिकडे झाले. भारत-पाकिस्तान सामनाच १५ ऑक्टोबरवरून १४ वर आला. टोकियो ऑलिंपिक तर वर्षभराने पुढे ढकललं, आणि शेवटी परदेशी प्रेक्षकांना येऊच दिलं नाही. तेव्हा प्रत्येक नोंदणी करताना ‘हे रद्द झालं तर किती परत मिळेल’ ही ओळ आधी वाचा.

५. मुकाम

मैदानाजवळ राहू नका. सामना एक दिवस असतो, मुकाम आठवडाभर, आणि मैदानाच्या आसपासचे रस्ते नेमके तुम्हाला हवे तेव्हा बंद असतात. मेट्रो किंवा रेल्वेच्या थेट मार्गावर, गाडी बदलावी न लागता पोहोचता येईल अशी जागा शोधा; शेजारच्या गावातली असली तरी चालेल. ती निवडताना जाण्यापेक्षा येण्याचा विचार करा. रात्री अकराला सामना संपला तर शेवटची गाडी कितीला?

वर्षभर आधी हॉटेलांचे भाव आकाशाला भिडतात. पॅरिसमध्ये खेळ जवळ आले तसे ते बरेच उतरले, कारण अपेक्षेएवढे लोक आलेच नाहीत. दर वेळी तसं होईल असं धरून चालता येणार नाही. म्हणून रद्द होणारी नोंदणी हातात ठेवायची आणि शेवटच्या महिन्यात पुन्हा बाजार बघायचा.

स्थानिक प्रवास तिकिटात धरलाय का, हे स्पर्धेगणिक बदलतं. जर्मनीतल्या युरो २०२४ ला सामन्याच्या तिकिटावर ३६ तास स्थानिक वाहतूक मोफत होती. कतारमध्ये हय्या कार्डावर मेट्रो फुकट. पॅरिसने मात्र २०२४ च्या ऑलिंपिकच्या उन्हाळ्यात मेट्रोचं सुटं तिकीट २.१५ युरोवरून ४ युरोवर नेलं. जे आधीच तिकिटं घेऊन बसले होते ते हसले.

दुसऱ्या शहरातून येणार असाल तर आदल्या दिवशीच पोहोचा. २६ जुलै २०२४ ला, उद्घाटनाच्याच दिवशी पहाटे, फ्रान्सच्या जलद रेल्वेमार्गांवर जाळपोळ झाली आणि लाखो प्रवासी अडकले.

६. सामन्याचा दिवस

दारं उघडायची वेळ तिकिटावर किंवा ॲपमध्ये असते. ती वेळ धरून निघा, सामन्याची नको. तपासणी विमानतळासारखी असते आणि शेवटच्या तासात रांग अचानक वाढते. उद्घाटनासारख्या सोहळ्याला शहराचे काही भागच परवान्याशिवाय बंद होतात. पॅरिसमध्ये सेन नदीकाठी आठवडाभर आधीपासून क्यूआर कोड दाखवावा लागत होता.

पिशवीचे नियम आदल्या रात्री वाचा. अमेरिकेतल्या एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉल लीगच्या) मैदानांवर, हातात मावणारं छोटं पाकीट सोडलं तर, आरपार दिसणारीच पिशवी चालते, साधारण ३० सेंटीमीटर लांब, तेवढीच उंच आणि १५ रुंद. कित्येक ठिकाणी सामान ठेवायची सोयच नसते. दारावरून परत पाठवलेल्या माणसाला बॅग झुडपात लपवावी की सामना सोडावा हा प्रश्न पडतो. छत्री, काचेची बाटली, सेल्फी स्टिक, झेंड्याचा लांब दांडा आणि मोठ्या लेन्सचा कॅमेरा सहसा अडतात. पाण्याचं आधी विचारा: काही ठिकाणी रिकामी बाटली आत भरता येते, पॅरिसला ७५ सेंटीलिटरपर्यंतची पुन्हा वापरायची बाटली चालत होती, काही ठिकाणी काहीच नाही. उन्हाच्या जागी हा प्रश्न चैनीचा नसतो. उष्णतेपायीच टोकियोची मॅरेथॉन सप्पोरोला हलवली गेली आणि कतारचा वर्ल्ड कप नोव्हेंबर-डिसेंबरात झाला. टोपी, सनस्क्रीन आणि पातळ रेनकोट एवढं खिशात मावतं.

फोन हेच तिकीट असल्यामुळे पॉवर बँक आणि चालू डेटा या दोन गोष्टींवर तुमचं आत जाणं अवलंबून आहे. हजारो लोक एकाच टॉवरवर असताना नेटवर्क मरतं, म्हणून ॲप घरूनच उघडून, लॉगिन करून, तिकीट उतरवून ठेवा. चौघांची तिकिटं एकाच्या फोनवर असतील तर चौघांनी एकत्रच दारात यायचं; नाहीतर ॲपमधून प्रत्येकाच्या नावावर आधीच पाठवून द्या. चुकामूक झाली तर भेटायची जागा आत शिरण्याआधी ठरवा. ‘दारापाशी’ म्हणू नका, दाराचा क्रमांक सांगा.

गर्दीबद्दल थोडं गंभीरपणे. २८ मे २०२२ ला पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्सवर चॅम्पियन्स लीगच्या फायनलआधी खरी तिकिटं असलेले हजारो प्रेक्षक अरुंद वाटांवर अडकले, अश्रुधूर सोडला गेला, सामना अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाला. इंग्लंडमधल्या हिल्सबरो फुटबॉल मैदानावर १९८९ मध्ये झालेल्या चेंगराचेंगरीत ९७ जीव गेले. तुमच्याकडे खरं तिकीट आहे आणि तुम्ही वेळेवर आलात, एवढ्याने धोका टळत नाही. पुढची रांग हलत नाही आणि मागून दाब वाढतोय असं वाटलं की लगेच बाजूला व्हा, सामन्याची पहिली दहा मिनिटं गेली तरी चालतील. अडकलातच तर दोन्ही हात छातीसमोर वर धरून श्वासाला जागा ठेवा. लोंढ्याच्या विरुद्ध रेटू नका; दाब जरा ओसरला की तिरके-तिरके कडेला सरका. खाली पडलेलं काही उचलायला वाकू नका. लहान मुलं सोबत असतील तर मी शेवटच्या तासात दाराकडे जाणारच नाही.

७. आत बसल्यावर

टीव्हीवर बघणाऱ्याला समालोचक सगळं सांगतो. मैदानात कुणी सांगत नाही. ॲथलेटिक्सला एकाच वेळी चार गोष्टी चालू असतात आणि गोल फिरून आरडाओरडा कुठे झाला ते शोधेपर्यंत उडी मारून झालेली असते. स्पर्धकांची यादी फोनवर उघडी ठेवा. छोटी दुर्बीण न्या. जागा घेताना, फुटबॉल आणि हॉकीला थोडी उंचावरची चांगली, कारण खेळाची रचना कळते. गोलच्या मागे आवाज असतो, पण पलीकडच्या अर्ध्यात काय चाललंय ते कळत नाही. धावण्याच्या शर्यतींना शेवटची रेषा दिसणारी बाजू महाग असते. भालाफेक किंवा लांब उडीसाठी जाणार असाल तर ती बाजू घेण्यात अर्थ नाही, त्या स्पर्धेचं ठिकाण मैदानात कुठे आहे ते नकाशावर बघा.

रीत-रिवाज फार नाहीत. टेनिसमध्ये गुण चालू असताना आणि धावपटू ओणवे झाले की बंदूक सुटेपर्यंत शांत बसायचं. टेनिसचा गेम चालू असताना जागेवरून उठायचं नाही. फुटबॉलला दोन्ही संघांचे चाहते वेगळे बसवलेले असतील तर चुकीच्या रंगाचा शर्ट घालून जाऊ नका, हे गमतीत सांगत नाहीये.

एकदा बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत, बहुतेक ठिकाणी. जेवण-खाण, औषधं यांचा हिशोब त्यावर करा. कार्ड मशीनने ‘तुमच्या देशाच्या चलनात घेऊ का’ असं विचारलं तर नाही म्हणा, स्थानिक चलनच निवडा. रूपांतराचा दर जवळजवळ नेहमी तुमच्या विरुद्ध असतो. आणि नुसती रोकड घेऊन जाऊ नका, कित्येक मैदानांत ती घेतच नाहीत.

सुटताना दोनच पर्याय शहाणपणाचे: दहा मिनिटं आधी निघा किंवा निवांत पाऊण तास बसून राहा. शिट्टी वाजल्याबरोबर उठणारे सगळे एकाच स्टेशनच्या दारावर उभे असतात. मी बसून राहणाऱ्यांतला. रिकामं होत चाललेलं मैदान बघायला आवडतं, खेळाडू शेवटची चक्कर मारायला येतात, आणि कधी कधी जपानी चाहते पिशव्या काढून आजूबाजूचा कचरा गोळा करताना दिसतात. २०१८ आणि २०२२ च्या वर्ल्ड कपांत ते जगभर गाजलं.

८. तिकीट नसलेले दिवस

हे दिवस मुद्दाम ठेवा. रोज एक सत्र म्हटलं तर चौथ्या दिवशी पाय बोलायला लागतात. यजमान शहरात मोठ्या पडद्यांचे चौक असतात. जर्मनीत २००६ च्या वर्ल्ड कपपासून ती मोठी प्रथाच झाली. तिथे तिकीट सहसा नसतं आणि वातावरण मैदानाच्या तोडीचं. ऑलिंपिकला वेगवेगळे देश आपापली ‘घरं’, म्हणजे चाहत्यांसाठीची दालनं, उघडतात, पदकविजेते संध्याकाळी तिथे येतात. पॅरिसला ला व्हिलेत बागेत भारताचंही होतं. बिल्ले गोळा करणारे लोक छातीवर पट्टे लावून फिरतात. चार-पाच साधे बिल्ले जवळ ठेवलेत तर भाषा न येताही अर्धा तास देवाणघेवाण करता येते.

आणि एखाद्या दिवशी जायचा कंटाळा आला, तब्येत बिघडली किंवा आवडता संघ बाहेर पडला, तर तिकीट खिशात तसंच ठेवू नका. अधिकृत रीसेल ठरावीक वेळेला बंद होतं, ही वेळ स्पर्धेच्या नियमांत लिहिलेली असते. ती पहिल्याच दिवशी फोनमध्ये नोंदवून ठेवा.